'प्रहसन्निव' : स्मित या शब्दाचा अर्थविचार

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील दहाव्या श्लोकात संजयाने एक लहानसे पद योजिले आहे. ते पद म्हणजे 'प्रहसन्निव'. श्लोक निवेदनाचा आहे, उपदेशाचा नव्हे. त्यामुळे पाठ करणारे तो भराभर म्हणून पुढे जातात व निरूपण करणारेही बहुधा अकराव्या श्लोकापासून, म्हणजे प्रत्यक्ष भगवद्वचनापासून, आरंभ करतात. परंतु प्रसंग डोळ्यांपुढे आणला म्हणजे या पदावर थांबल्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्या अध्यायाच्या शेवटी अर्जुनाने धनुष्य टाकलेले आहे. दुसऱ्याच्या आरंभी त्याचे डोळे अश्रूंनी भरलेले आहेत. नवव्या श्लोकात 'मी लढणार नाही' असे सांगून तो गप्प बसला आहे. दोन सैन्यांच्या मध्ये रथ उभा आहे आणि बोलणे थांबले आहे. या स्तब्धतेत श्रीकृष्णचक्रवर्तींचे श्रीमुख प्रथम कसे झाले, हे संजय सांगतो. मग वचन येते. रडणाऱ्या सख्यासमोर परमेश्वर अवतार हसले काय? हसले असतील तर ते हसणे कोणत्या जातीचे?

प्रश्न केवळ कोशाचा नाही. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा हे स्मरणाचे चार विषय पंथात सांगितले आहेत. त्यांत चेष्टा म्हणजे श्रीमूर्तीचे चालणे, पाहणे, बोलणे, बसणे, हसणे. स्मरणाला बसलेल्या साधकाने 'हास्य केले' एवढे शब्द मनात आणले आणि त्यांच्यामागे खदखदून हसणाऱ्या मनुष्याचे मुख उभे राहिले, तर स्मरणाचा विषयच बदलला. लीळाचरित्रात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी हास्य केल्याचे उल्लेख अनेक लीळांत येतात. म्हाइंभटांनी प्रसंग जसा ऐकला तसा नोंदविला. हास्य किती, कसे, ओठांत की सशब्द, याचा खुलासा दरवेळी केलेला नाही. ती जागा वाचकाचे मन आपोआप भरते, आणि ज्याच्या मनात हसण्याचे जे चित्र रूढ असेल त्याने भरते. म्हणून निःशब्द हास्याला आपल्या भाषापरंपरेत कोणता शब्द आहे, तो कोठून आला आणि त्याचा मूळ आशय काय, याचा विचार करणे आवश्यक ठरते.

तो शब्द 'स्मित'. धातुपाठात 'ष्मिङ्' असा धातू दिला असून त्याचा अर्थ 'ईषद्धसन', म्हणजे थोडेसे हसणे, असा सांगितला आहे. आरंभीचा षकार पाठापुरता. प्रयोगात तो सकार होतो आणि 'स्मयते' हे रूप सिद्ध होते. 'हस्' धातूचा अर्थ मात्र नुसता 'हसन' असा दिला आहे. येथून पुष्कळांची अशी समजूत होते की स्मित हे हास्याचेच लहान माप आहे. शेरभर हसणे ते हास्य, छटाकभर हसणे ते स्मित. धातुपाठातील अर्थनिर्देश ओळखीपुरते असतात, व्याख्या म्हणून ते घेऊ नयेत. स्मि धातूचे जुने प्रयोग पाहिले असता तो हस् धातूचा धाकटा भाऊ नसून निराळ्याच घरचा आहे, असे दिसून येते.

ऋग्वेदात हा धातू उषेविषयी येतो. पहाटेचा उजेड फाकतो तेव्हा ती तरुणी स्मित करीत आहे, अशी कल्पना आहे. पहिल्याच मंडलातील मरुतांच्या एका सूक्तात विजा पृथ्वीकडे पाहून स्मित करतात, असे वर्णन आहे. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. विजेच्या मागून गडगडाट येतो. पण ऋषीने स्मि धातू लावला तो गडगडाटाला नव्हे, चमकेला. म्हणजे या धातूत मुळापासून आवाज नाही. त्यात उजळणे आहे, उमलणे आहे. पुढे याच धातूपासून 'स्मेर' असे विशेषण झाले. पाणिनीने त्यासाठी 'र' प्रत्यय सांगितला आहे. संस्कृत कवी ते हसऱ्या मुखाला लावतात, तसेच उमललेल्या फुलालाही लावतात. फूल उमलताना आवाज होत नाही आणि ते अमक्याला हसते असेही होत नाही. हास्य नेहमी कशाला तरी किंवा कोणाला तरी असते. स्मिताला असा विषय असावाच लागतो असे नाही. या दोन शब्दांतील खरा भेद मापाचा नसून येथे आहे.

त्याच धातूचा दुसरा फाटा म्हणजे 'विस्मय'. आश्चर्याने मुख उघडते, डोळे विस्फारतात. स्मितात जे थोडे उमलते तेच येथे पूर्ण उघडते. या धातूच्या प्रयोजक रूपासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र केले आहे. आश्चर्य जर प्रत्यक्ष त्या कर्त्यापासूनच उत्पन्न होत असेल तर 'विस्मापयते' असे रूप. कर्त्याने एखादे साधन वापरून चकित केले तर 'विस्माययति'. काशिकावृत्तीत पहिल्याचे उदाहरण जटाधारी पुरुषाचे आहे. त्याच्या नुसत्या दर्शनानेच पाहणारा थक्क होतो. दुसरे उदाहरण कुंचिकेचे, म्हणजे किल्लीचे, आहे. एखाद्या पुरुषाची थोरवी त्याच्या असण्यात आहे की त्याने हाती घेतलेल्या वस्तूत आहे, हा भेद व्याकरणकारांनी क्रियापदाच्या रूपातच ठेवून दिला. सिद्धी दाखवून लोकांस चकित करणारा आणि ज्याच्या सन्निधानानेच जीव निवतो तो, यांतील अंतर जाणणाऱ्या वाचकाला या सूत्राची गोडी निराळी सांगावयास नको.

तिसरा फाटा मात्र कडू आहे. 'स्मय' म्हणजे गर्व. भर्तृहरीने सत्ताधीशांना स्मयाने दूषित म्हटले आहे. जैन आचार्य समंतभद्र यांच्या रत्नकरंडकात कुल, जाती, ज्ञान इत्यादी आठ गोष्टींवरून होणाऱ्या मदाला स्मय हेच नाव दिले आहे. मुख उमलते ते आनंदाने, तसेच ते फुगते आपल्याच थोरवीने. एकाच धातूतून प्रसाद, आश्चर्य आणि गर्व असे तीन अर्थ निघाले. म्हणून ओठ किंचित हलले एवढ्यावरून ते स्मितच होते असे ठरत नाही. दुसऱ्याच्या अज्ञानावर विद्वानाच्या ओठांत जे उमटते ते पुष्कळदा स्मित नसून स्मय असते.

येथे एका भ्रमाचे निवारण करणे इष्ट आहे. 'स्मित' आणि 'स्मरण' या दोन्ही शब्दांच्या आरंभी 'स्म' आहे हे पाहून त्यांचा संबंध लावण्याचा मोह होतो. स्मरण करता करता मुखावर येते ते स्मित, असे म्हटले की ऐकावयास गोड वाटते. परंतु 'स्मृ' आणि 'स्मि' हे धातू सर्वस्वी भिन्न आहेत. अनुभव म्हणून ते वाक्य खरे असेल. व्युत्पत्ती म्हणून ते टिकत नाही. निरूपणात अनुभवाला अनुभवाच्या जागी ठेवावे. त्याला व्याकरणाची खोटी साक्ष जोडू नये. स्मि धातूचे खरे सोयरे भारताबाहेरही आढळतात. इंग्रजीतील 'स्माइल' आणि रशियन भाषेतील 'स्मेख' हे त्याच मूळ कुळातले. लॅटिनमधील 'मीरुस', म्हणजे आश्चर्यकारक, हा शब्दही भाषाशास्त्रज्ञ तिकडेच नेतात. स्मित व विस्मय यांची जोडी केवळ संस्कृतात जुळलेली नाही, ती त्याहून जुनी आहे, एवढे यावरून कळते.

मध्यकालीन भाषांत या शब्दाचे काय झाले? पालीत त्याची दोन रूपे आढळतात. एक 'सित' आणि दुसरे वर्णव्यत्ययाने व स्वर घालून झालेले 'मिहित'. पालीत 'सित' म्हणजे शुभ्र असाही शब्द आहे, आणि 'सित' म्हणजे आश्रित असाही आहे. एकाच उच्चारावर इतक्या अर्थांचे ओझे पडले की त्यांतील एखादा गळून जातो. मराठीत या धातूचा घरगुती, झिजलेला वंशज रूढ झालेला दिसत नाही याचे कारण बहुधा असेच असावे. 'स्मित' शब्द आपल्याकडे आहे तो संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला. याउलट हस् धातू मराठीत घरोघर नांदतो. जुन्या लेखनात तो 'हांसणें' असा सानुस्वार दिसतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर असे व्युत्पत्तिदर्शक अनुस्वार लेखनातून गेले.

मग मराठी माणूस निःशब्द हास्य कसे सांगतो? त्याच्या भाषेत सशब्द हास्याला ध्वनींची रेलचेल आहे. खुदकन, फिस्सकन, खळखळून, खदाखदा, फिदीफिदी, खो खो. आवाज नसेल तेथे मात्र मराठी ध्वनीकडे जात नाही, अवयवाकडे जाते. 'गालातल्या गालात हसणे', 'ओठांतल्या ओठांत हसणे', किंवा क्रियापद बदलून 'हसू उमटणे', 'हसू फुटणे'. कळी फुटावी तसे हसू फुटते. स्मेर शब्दात जे उमलणे होते ते, शब्द हरवला तरी, मराठीने असे जपून ठेवले आहे. एवढे खरे की 'गालातल्या गालात' या प्रयोगाला काहीतरी लपविल्याची छटा आहे. बोलणाऱ्याला काही ठाऊक आहे व तो ते सांगत नाही, असे त्यातून सूचित होते. अवताराच्या चेष्टेचे वर्णन करताना हा वाक्प्रचार सरसकट वापरू नये. 'श्रीमुखावर हसू उमटले' हा प्रयोग अधिक निर्दोष.

गुजरातीत मंद हसण्याला 'मलकवुं', 'मरकवुं' अशी स्वतंत्र क्रियापदे आहेत. सर्वज्ञांचे येणे गुजरात देशातून झाले. तरी निरूपणासाठी त्यांनी मराठी स्वीकारली. पुढे केशिराजबास व दामोदर पंडित यांच्यासारख्या संस्कृतज्ञांनाही नागदेवाचार्यांनी मराठीतच विचारावयास सांगितले, आणि संस्कृत ग्रंथरचनेने म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील ही चिंता व्यक्त केली, हे सर्वश्रुत आहे. ज्या ग्रंथाचा श्रोता असा ठरलेला होता, त्यात साहित्यशास्त्रातील सूक्ष्म संज्ञा शोधीत बसण्यात अर्थ नाही. तेथे 'हास्य' हा शब्द व्यापक आहे. त्यात स्मितही आले आणि मोकळे हसणेही आले. त्याचा आवाका प्रसंगावरून ठरवावयाचा असतो.

साहित्यशास्त्राने मात्र हा आवाका नेमका मोजला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. स्मितात गाल किंचित विकसतात, दृष्टीत सौष्ठव असते आणि दात दिसत नाहीत. हसितात मुख व नेत्र फुलतात आणि दात थोडेसे दिसतात. आवाज प्रथम प्रवेश करतो तो तिसऱ्या प्रकारात, विहसितात. आणि तेथेही तो मधुर व प्रसंगोचित असावा असे सांगितले आहे. पुढे नाकपुड्या फुगतात, खांदे व डोके वाकते. मग डोळ्यांत पाणी येते, अंग हलते. आणि अतिहसितात कर्कश आवाज निघून हात कुशीवर दाबले जातात. निःशब्द हास्याचे क्षेत्र म्हणजे यांतील पहिले दोनच. भरतांनी स्मिताचे स्थान गालांत सांगितले आणि मराठी बाईनेही ते गालांतच ठेवले, ही जुळणी शास्त्र वाचून झालेली नाही. पाहणाऱ्याला जे दिसते ते दोघांनी सांगितले. बौद्धांच्या अभिधर्मपरंपरेतील टीकाकारांनीही हीच सहांची यादी घेतली आणि अर्हताच्या मुखावर उमटणाऱ्या स्मितासाठी चित्ताचा एक वेगळा प्रकारच मानला.

तथापि नाट्यशास्त्राची ही वाटणी पंथाच्या अभ्यासकाने डोळे झाकून स्वीकारू नये. भरतांनी पहिले दोन प्रकार उत्तम पात्रांना, मधले दोन मध्यमांना आणि शेवटचे दोन अधमांना वाटून दिले आहेत. रंगभूमीवरील पात्रांसाठी ही सोय ठीक. परंतु ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंची राहाटी कशी होती? लेकरांत लेकरू होऊन खेळणारी, लोकांच्या मापात न मावणारी, पाहणाऱ्यास वेडी वाटणारी. तेथे मोकळे हसणे पाहून कोणी भरतांची फूटपट्टी लावील तर त्याच्या हाती अनर्थच येईल. परमेश्वर अवताराची चेष्टा पात्राच्या श्रेणीवरून ठरत नाही. जीवाच्या हितासाठी जी चेष्टा स्वीकारावयाची ती अवतार स्वीकारतो. तेव्हा भरतांकडून घ्यावयाचे ते लक्षण, म्हणजे मुख कसे दिसते याची ओळख. श्रेणी तेथेच ठेवून यावी. 'मोठ्यांनी मोठ्याने हसू नये' असा शिष्टाचार पुढे स्मरणात शिरला आणि प्रत्येक लीळेतील हास्य ओठांत कोंबले गेले, तर तोही विपर्यासच होय. खदखदाटाचे चित्र जितके चूक, तितकेच सर्वत्र मंद हसणाऱ्या मुखाचे चित्रही चूक.

श्रीमद्भागवतातील दोन स्थळे या संदर्भात तुलनेस योग्य आहेत. दुसऱ्या स्कंधात विराट पुरुषाचे वर्णन करताना जनांना भुलविणारी माया हे त्याचे हास्य, असे रूपक केले आहे. पंथाच्या सिद्धान्ताप्रमाणे चैतन्यमाया ही देवता होय, आणि परमेश्वर हा देवतांहून सर्वथा भिन्न पदार्थ होय. तेव्हा त्या रूपकातील हास्य परमेश्वराच्या चेष्टेचे वर्णन म्हणून घेता येणार नाही. दहाव्या स्कंधात, गोपींचा विरह संपवून श्रीकृष्ण पुन्हा त्यांच्यापुढे प्रकट होतात तेव्हा, त्यांच्या मुखकमलाला 'स्मयमान' म्हटले आहे. येथे धातू स्मि आहे, आणि तो अचूक आहे. रडून थकलेल्या जीवांसमोर मुख उजळत प्रकट होते. त्यात कोणाला हसणे नाही.

आता गीतेकडे वळावे. गीतेत स्मि धातू येतो, पण श्रीकृष्णांच्या मुखाविषयी नव्हे. अकराव्या अध्यायात अर्जुन विस्मयाने व्यापला जातो, देवादिकांचे समुदाय विस्मित होऊन पाहतात, आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी ते रूप आठवून संजयालाच मोठा विस्मय वाटतो. स्मि धातू सर्वत्र पाहणाऱ्यांच्या वाट्याला आहे. ज्या एका स्थळी श्रीमुखाचे वर्णन आहे तेथे, म्हणजे दुसऱ्या अध्यायात, स्मि न येता हस् येतो. 'स्मयन्' असे न म्हणता 'प्रहसन्' असे म्हटले आहे. वर सांगितलेला भेद जर खरा असेल तर ही निवड सहज झालेली नाही. हस् धातूला विषय असतो. येथे तो विषय समोरच बसलेला आहे.

या अडचणीतून सुटण्याचा एक मार्ग उपसर्गातून काढता येतो. 'प्र' हा उपसर्ग आरंभ दाखवितो, त्याला व्याकरणात आदिकर्म म्हणतात. म्हणून 'प्रहसन्' म्हणजे हसण्याच्या केवळ आरंभी असलेला, हसू फुटण्याच्या काठावर असलेला. अर्थ मनोहर आहे; परंतु महाभारताचाच प्रयोग त्याच्या आड येतो. सभापर्वात मयसभेतील जळात दुर्योधन पडतो, तेव्हा त्याला पाहून भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि इतर सारे हसले असे सांगितले आहे. तेथे क्रियापद 'प्राहसन्' असेच आहे. तोच धातू, तोच उपसर्ग. ते हसणे काठावर थांबलेले नव्हते. दुर्योधनाला ते सहन झाले नाही आणि त्याच्या दृष्टीने तो 'अवहास' होता, असे पुढे लगेच म्हटले आहे. तो शल्य घेऊनच हस्तिनापुरास गेला. द्यूत, वनवास आणि अखेर हे रणांगण, या साऱ्याच्या मुळाशी जी कारणे आहेत त्यांत ते हसणे एक आहे. तेव्हा 'प्र' मध्ये सौम्यता आहे असे म्हणता येत नाही. त्याच क्रियापदाने एकदा युद्धाचे बी पेरले आहे, आणि ज्याने तेव्हा इतरांबरोबर हसून घेतले तोच अर्जुन आता रथात बसून रडत आहे.

म्हणून सारा भार येतो तो 'इव' या अव्ययावर. श्लोकातले हे एक लहानसे पद.

पूर्वीच्या भाष्यकारांनी या स्थळी काय केले ते पाहण्यासारखे आहे. शांकरभाष्यात या पदाचे विवरण नाही. तेथे विवेचन पुढील श्लोकापासून चालते. रामानुजाचार्य परिहासाचे वाक्य बोलत असल्याप्रमाणे असा अर्थ घेतात; म्हणजे त्यांच्या मते 'इव' चा संबंध मुखाशी कमी आणि बोलण्याच्या ढंगाशी अधिक आहे. गहन विषय थट्टेच्या सहजतेने सांगितला, असा त्यांचा रोख. श्रीधरस्वामी 'प्रसन्नमुख होऊन' एवढेच म्हणतात. हा अर्थ सर्वांना आवडतो, कारण त्याने अडचणच नाहीशी होते. पण हाच अर्थ सांगावयाचा होता तर स्मि धातू जवळच होता. हस् का घेतला, हे त्याने उलगडत नाही.

अडचण अंगावर घेतली ती मधुसूदन सरस्वतींनी. त्यांच्या गूढार्थदीपिकेत प्रहास म्हणजे दुसऱ्याचे अनुचित आचरण उघड करून त्याला लाज उत्पन्न करणे, असा अर्थ केला आहे. मग ते पुढे विचारतात ते फार मोलाचे आहे. लाज ही दुःखरूप आहे. तेव्हा खरा प्रहास ज्याच्याविषयी द्वेष असेल त्याचाच संभवतो. अर्जुन तर भगवंताच्या कृपेचा विषय. त्याचे अनुचित आचरण उघड केले ते त्याला विवेक उत्पन्न व्हावा म्हणून, दुःख व्हावे म्हणून नव्हे. प्रहासाचे एक अंग येथे आहे, दुसरे नाही. म्हणून हा प्रहास मुख्य नसून गौण आहे, आणि ते सांगण्यासाठीच 'इव' शब्द घातला आहे. मधुसूदनांचा अद्वैत सिद्धान्त पंथाला मान्य नाही. परंतु पदाचा अर्थ लावण्यात त्यांनी येथे जी निष्ठा दाखविली ती मान्य करण्यास सिद्धान्ताचा अडथळा येत नाही. ज्ञानेश्वरांनीही या स्थळी आईच्या रागात लपलेल्या मायेची आणि औषधाच्या कडवटपणाची उपमा दिली आहे. बाहेरून एक, आतून दुसरे, हे त्यांनाही दिसले होते.

या विवरणाला शब्दांच्या व्युत्पत्तीची जोड दिली म्हणजे चित्र पुरे होते. 'इव' नसते तर उरतो तो मयसभेतला प्रहास, ज्यात पडलेला माणूस हा हसण्याचा विषय असतो. 'प्रहसन्' नसते आणि केवळ स्मित असते तर उरते ती प्रसन्नता, ज्यात समोरच्याच्या चुकीची दखलच नाही. श्रीकृष्णचक्रवर्तींना अर्जुनाची चूक दिसते आहे. पुढल्याच श्लोकात त्या चुकीचा स्पष्ट उच्चार आहे, की शोक करू नये त्यांचा तू शोक करतोस आणि वर शहाण्यासारखे बोलतोस. या वाक्यात धार आहे. ती धार हस् धातूने सांगितली. पण धार लागते ती मोहाला, अर्जुनाला नव्हे. ते 'इव' ने सांगितले. पाहणाऱ्याला हसल्यासारखे दिसावे आणि ज्याच्याकडे पाहून हसले त्याला आपण हसले गेलो असे वाटू नये, असे हे मुख आहे. अर्जुनाने ते कसे घेतले याची साक्ष गीतेतच आहे. दुर्योधन सभेतून जळत गेला. अर्जुन मात्र रथातून उतरून गेला नाही, ऐकत राहिला आणि विचारीत राहिला.

पुढे अकराव्या अध्यायात हस् धातू पुन्हा भेटतो, आणि या वेळी दिशा उलटी आहे. बेचाळिसाव्या श्लोकात अर्जुन क्षमा मागतो. खेळताना, निजताना, बसताना, जेवताना, एकटे असता किंवा चारचौघांत, 'अवहासार्थ' तुझा जो अनादर मी केला तो क्षमा कर. सभापर्वात दुर्योधनाला जे बोचले त्यालाही 'अवहास' हेच नाव होते. जीव परमेश्वराला हसला तर तो अवहास होतो, सख्य असले तरी. परमेश्वराने जीवाकडे पाहून हसल्यासारखे केले तर ते उपदेशाचे दार उघडणे होते. याचे कारण हसण्याच्या मापात नाही. जीवाच्या हसण्यात समोरच्याचे न्यून आणि आपले अधिकपण यांची तुलना असते. वर सांगितलेला स्मय तेथे येऊन मिसळतो. ज्याला कोणाशी तुलनाच नाही त्याच्या हास्यात स्मय मिसळावा कोठून?

लीळाचरित्रातील हास्याचे उल्लेख वाचताना याच दोन कसोट्या उपयोगी पडतात. ज्या लीळेत हास्यानंतर लगेच निरूपण येते, तेथे 'प्रहसन्निव' ची रीत समजावी. भक्ताच्या बोलण्यातील विपर्यास श्रीमुखावर आधी उमटला आणि मग वचनात आला. ज्या लीळेत कोणी दुरून दर्शनाला आले आहे, कोणी भेटीने सुखावले आहे, आणि हास्यामागून काही सांगणे नाही, तेथे भागवतातील 'स्मयमान' ची रीत समजावी. मुख उजळले एवढेच. तिसरी एक जात राहते, विनोदाची, मोकळ्या खेळाची. श्रीप्रभूंच्या चरित्रात ती विशेष. तेथे ना स्मित ओढून आणावे, ना उपदेश शोधावा. या तिन्ही ठिकाणी ग्रंथात शब्द एकच दिसेल, म्हणून चेष्टास्मरण करणाऱ्याने शब्दाच्या मागचा पुढचा प्रसंग संपूर्ण वाचूनच ती चेष्टा मनात धरावी. तुकडा तोडून घेऊ नये.

राहता राहिला पाठाचा प्रश्न. 'प्रहसन् इव' यांचा संधी होताना ऱ्हस्व अकारानंतरचा नकार व्याकरणाच्या नियमाने दुहेरी होतो आणि 'प्रहसन्निव' असे एकजीव पद कानी पडते. नवीन शिकणाऱ्याला 'निव' हा निरर्थक शेपटासारखा वाटतो आणि अर्थ सांगताना तो गळतो. 'भगवंत हसत म्हणाले' असा अनुवाद मग तोंडी बसतो. आश्रमांतून गीतापाठ देताना हे पद प्रथम सोडवून दाखवावे, आणि अर्थ म्हणवून घेताना 'हसल्यासारखे करून' असाच म्हणवून घ्यावा. मराठीतील 'सारखे' हा शब्द या ठिकाणी 'इव' चे काम पुरतेपणी करतो.